बोटभर अलीकडं

"केतकी, उत्तराला हात कुणी लावला?"

मगदूम सर केबिनच्या दारात उभे होते. एका हातात जुना रिपोर्ट, दुसऱ्या हातात नवा. सर चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. आणि आमचं ऑफिस लेथच्या वर्कशॉपच्या डोक्यावर, त्यामुळं आवाज खाली गेला की काही ऐकूच येत नाही, ओठांवरून ओळखायचं. मी ओळखलं.

"उत्तराला नाही सर. मी फक्त पत्त्यांना हात लावला."

"मग उत्तर कसं बदललं?"

थांबा, थांबा, आधी आमचं सॉफ्टवेअर काय करतं ते सांगते, नाहीतर मधे मधे विचारत बसाल. आमच्या कोल्हापुरात फाउंड्र्या किती ते तुम्हाला माहितीच आहे. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की वस्तू बाहेर काढायची. भानगड असते ती थंड होण्यात. लोखंड गोठताना आक्रसतं. बाहेरचं आधी गोठतं, पोटातलं जाड मागनं, आणि पोटातल्याला तेवढ्यात माल कमी पडला की आत भोक राहतं. वरून वस्तू कशी, गुळगुळीत, देखणी. आत पोकळ. आमचं सॉफ्टवेअर ओतायच्या आधीच सांगतं, की बाबा, भोक पडणार का, आणि पडलं तर कुठं. सरांनी एकट्यानं लिहिलेलं ते, मी शाळेत असताना कधीतरी. आणि मी तिथं नवी, अजून कायमही झालेली नव्हते.

तर मोठी वस्तू असली की एकट्यानं गणित करून भागत नाही, आठवडा जाईल. म्हणून वस्तूच्या फोडी करायच्या, कलिंगडासारख्या, आणि एकेक फोड एकेका कामगाराला द्यायची. कामगार म्हणजे माणूस नव्हे हो, कॉम्प्युटरच्या आतलाच. सगळे एकदम गणित करतात. दर फेरीला प्रत्येकानं आपल्या फोडीचं तापमान आपल्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहायचं, मग शेजारचा ते वाचतो, कारण माझ्या फोडीची कड तीच त्याच्या फोडीची कड. कळलं ना? बास, एवढंच.

आणि मला काम दिलेलं ते त्या फाइलींच्या पत्त्यांचं. फाइल कुठं आहे, कुठल्या फोल्डरात, त्याचा पत्ता. ते पत्ते कोडभर विखुरलेले. जिथं गरज पडली तिथं सरांनी फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाइलचं नाव असं चिकटवून ठेवलेलं. रेघ कुठं उजवीकडं झुकलेली, कुठं डावीकडं, कुठं दोन-दोन. एका ठिकाणी तर 'डी ड्राइव्ह, अजित, नवीन, नवीन खरं' असा पत्ता! नवीन सर्व्हर आला, त्यात डी ड्राइव्हच नाही. झालं, सगळं अडलं. सर म्हणाले, "तू नवी आहेस, पत्ते साफ कर. बाकी कशाला बोट लावायचं नाही. घर आवरल्यासारखं. एक वस्तू कमी नको, एक जास्त नको."

मी आवरलं की मग! अशी आवरायला बसले की दिवाळीला आईनंसुद्धा एवढं आवरलं नसेल. सगळे पत्ते एका खिडकीवर आणले. कुणाला कुठलीही फाइल पाहिजे असू दे, त्या खिडकीवर यायचं, पूर्ण पत्ता घ्यायचा, पार घराण्यापासून. आणि छान झालेलं. मला माहीत होतं छान झालंय.

आणि नेमकं पहिलंच मोठं काम आलं चौगुल्यांच्या लेथच्या बेडचं. बेड म्हणजे लेथ ज्याच्यावर उभी राहते ते लांबलचक धूड, तुमच्या-माझ्यापेक्षा लांब. जुन्या सर्व्हरवर जुन्या सॉफ्टवेअरनं सांगितलेलं, भोक नाही, बिनधास्त ओता. मी सहज म्हणून तेच माझ्या कोडवर चालवलं, तर एका टोकाला, जिथं जाड पाय बेडला जाऊन मिळतो, तिथं लाल ठिपका. भोक.

"घर आवरायला सांगितलं," सर म्हणाले, "तू भिंत हलवलीस."

"सर, भिंत आधीच हललेली असेल."

शेजारच्या टेबलावर इरफान मुल्ला बसायचा. वस्तूच्या फोडी करायचं काम त्याचं. त्यानं मान खाली घातली आणि की-बोर्डवर उगाच काहीतरी बडवायला लागला. हसू दाबत होता.

"जुनं परत लाव," सर म्हणाले. "आजच्या आज. तुझं सगळं काढून टाक. आणि कायम करण्याचं आपण नंतर बोलू."

नंतर बोलू म्हणजे काय ते मला कळत होतं. माझ्या आधीचा मुलगा 'नंतर बोलू'वरच गेलेला.

"काढते सर. पण आधी जुनंच दोनदा चालवा. दोन्ही वेळा तेच उत्तर येतं का बघा."

"थोडं इकडंतिकडं होणारच. पॅरलल आहे."

हे वाक्य म्हणजे आमच्या ऑफिसचा गणपती होता, सगळ्याच्या आधी तेच. आकडे दर वेळी जरासे वेगळे यायचे, पार शेवटी, दशांशात, आणि सगळे म्हणायचे, पॅरलल आहे, एवढे जण एकदम काम करतात, कोण आधी कोण मागं, होणारच. इरफान तर चहा कमी आला तरी म्हणायचा, "चालायचंच, पॅरलल आहे."

"माझं कितीही वेळा चालवा सर," मी म्हटलं, "शेवटच्या आकड्यापर्यंत तेच येतंय."

इरफानचं बडवणं थांबलं.

आणि मला तिथं, उभ्या उभ्या, लख्ख दिसलं. खरंच सांगते, तोवर मी नुसतं आवरत होते, ते काय होतं याचा विचारच केला नव्हता. "सर, जुन्या कोडात कामगार लिहायच्या आधी काय करतो? आपल्या फोल्डरच्या आत जातो. मग म्हणतो, इथं लिही. लिहून झालं की बाहेर येतो. बरोबर?"

"पत्ता लांब होतो म्हणून. आत गेलं की नुसतं फाइलचं नाव पुरतं."

"पण सर, हे सगळे कामगार एका मशीनवर एकाच घरात राहतात. आणि त्या घरात 'इथं' एकच असतं. सगळ्यांना मिळून एक. एक आत गेला की बाकीचेपण आत गेले, त्यांना न कळता. तीन नंबरवाला आपल्या फोल्डरात गेला, लिहिणार एवढ्यात पाच नंबरवाला त्याच्या फोल्डरात शिरला. मग तीन नंबरवाला 'इथं लिही' म्हणतो तेव्हा..."

"म्हणजे एक संडासात गेला की सगळे संडासात?" इरफान.

"मुल्ला!" सर.

"नाही सर, मला नीट समजावं म्हणून."

"समजलंय तुला," मी म्हटलं. "सर, तीन नंबरचं तापमान पाच नंबरच्या फोल्डरात पडतंय. सारखं नाही, कधी कधी. दोन्ही आकडे तापमानाचेच, त्यामुळं कुणाला संशयच येत नाही. चित्र गुळगुळीतच दिसतं. मी ते आत-बाहेर करणंच काढून टाकलं. कुणी जागा सोडायची नाही, पूर्ण पत्ता म्हणायचा. उत्तर मी नाही बदललं, ते आता कुठं खरं यायला लागलंय."

केवढा माज, नाही? पण मला खात्रीच होती हो. सर दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून बघत राहिले. खाली लेथवर काहीतरी घट्ट लागलं आणि आमची फरशी थरथरली.

"चौगुल्यांचा पहिला बेड ओतून झालाय," सर म्हणाले. "आज ट्रक भरणार. माझ्या सहीचा रिपोर्ट आहे, भोक नाही म्हणून." मग चष्मा काढला. "तोंडानं कोड सिद्ध होत नसतं. चल. बेड कापू. भोक निघालं तर तुझं काम राहील, तूही राहशील. नाही निघालं तर आल्यावर जुनं परत लावायचं, आणि तू दुसरीकडं अर्ज टाकायला सुरुवात करायची. कबूल?"

"कबूल."

"मी येतो गाडी चालवायला," इरफान म्हणाला. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

चौगुल्यांची फाउंड्री शिरोलीत. आत गेलं की वाळूचा काळा थर सगळ्यावर, झाडांवरसुद्धा. चौगुले काका दारातच भेटले. पांढरा शर्ट घालून फाउंड्रीत येणारा मी बघितलेला एकटा माणूस. सरांनी सांगितलं तशी त्यांची भुवई वर गेली.

"कापायचा? मगदूम, तुमचा रिपोर्ट आहे की माझ्याकडं, चांगला म्हणून."

"आता ही म्हणते खराब आहे."

"ही कोण?"

"ही केतकी नेजदार. आमच्याकडं असते."

काकांनी मला वरून खाली बघितलं. रागानं नाही, एखादा नवीन पंप बघावा तसं. "पोरी, तिकडं ट्रक हुबा हाय. कापलेला बेड मी गिऱ्हाईकाला देऊ का लोणचं घालू?"

"काका, भोक असलेला दिला तर तो परत येईल. आजवर आलेत का परत?"

आता हे मी अंदाजानं फेकलं. पण काका एकदम थांबले.

"आलेत," म्हणाले. "मोठे माल आलेत काही. मी वाळू बदलली. वाळूवाला बदलला. आता वाळूवाल्याचं लग्नात बोलावणं येत न्हाई मला." मग सरांकडं बघितलं. "बरं. पण आमचा रिवाज माहिताय न्हवं?"

सरांना माहीत होता. मला नव्हता. काकांनी सांगितला. त्यांच्या फाउंड्रीत जो म्हणेल की माल खराब आहे, त्यानंच खडूनं खूण करायची आणि करवतीचा खटका त्यानंच ओढायचा. एकच काप. आणि काप उघडल्यावर ज्याचं खोटं ठरेल त्याचं नाव त्या कापावर खडूनं लिहायचं, आणि तो तुकडा गेटपाशी ठेवायचा, परत भट्टीत जाईपर्यंत. येणारा-जाणारा वाचतो. काका म्हणाले, "माझं सोताचं नाव लागलंय दोनदा. बायकोनं वाचलं."

"चालेल," मी म्हटलं.

"लई लवकर चालेल म्हणतीया," काका सरांना म्हणाले.

बेड जमिनीवर आडवा पडलेला, करड्या रंगाचा, अजून वाळूची पुटं लागलेली. मी लॅपटॉप उघडला, ठिपका कुठं आहे ते बघितलं. सॉफ्टवेअरमधलं शून्य बेडच्या एका टोकाला, आणि ठिपका पार दुसऱ्या टोकाजवळ. मी टेप मागितला. इरफाननं एक टोक शून्यावर धरलं, मी टेप ओढत ओढत गेले, अगदी मिलिमीटर धरून, आणि खडूनं रेघ मारली. आणि परत मोजलं. आणि परत.

"ह्याच्या लग्नाचा मंडप मोजतीया का?" मागनं एक कामगार म्हणाला. सगळे हसले. मीपण.

क्रेननं बेड करवतीवर चढवला. पट्ट्याची करवत, पाणी सोडायचं तिच्यावर, आणि हळू हळू खाली येते, लोखंडाला घाई चालत नाही. मी खटका ओढला. आवाज असा की बोलणं बंद. सगळे उभे. काका पांढऱ्या शर्टात, सर हाताची घडी घालून, इरफान माझ्या शेजारी, आणि तो एकटाच तोंड हलवत होता, काय बोलत होता देव जाणे, नंतर म्हणाला की दुवा मागत होतो. मी मात्र, शपथेवर सांगते, एकदाही घाबरले नाही. मी करवतीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, आता दिसेल, आता दिसेल.

करवत थांबली. बेडचं टोक क्रेननं बाजूला घेतलं. काकांनी हातानं पाणी पुसलं.

काहीच नाही.

भरीव. करडं, एकसारखं, चकचकीत लोखंड. दळलेल्या उडदासारखा बारीक दाणा. एक छिद्र नाही, सुई टोचायला जागा नाही.

मग काका म्हणाले, "बेड लई चांगला ओतलाय, न्हाई?" आणि त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण खडू त्यांनी माझ्याकडं दिला नाही, स्वतःच घेतला आणि बेडच्या बाजूच्या कापावर लिहिलं, 'केतकी नेजदार'. अक्षर मात्र मोत्यासारखं काकांचं.

मी नावाकडं बघत होते. आणि तुम्हाला सांगते, तेव्हासुद्धा मला आतून वाटत नव्हतं की माझं चुकलंय. डोळ्यांसमोर भरीव लोखंड, आणि डोक्यात खात्री तशीच्या तशी. हट्ट म्हणा. "असलं पाहिजे," एवढंच मी म्हणाले.

"केतके, चल," इरफान हळूच म्हणाला. "चल, बाहेर उसाचा रस पिऊ."

ट्रकवाल्याला काका हात करून सांगत होते की जा बाबा, आज काही नाही. आणि सर? सर तिथं नव्हतेच.

मी वळून बघितलं तर सर फाउंड्रीच्या मागच्या बाजूला, पॅटर्नच्या शेडमध्ये. पॅटर्न म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो. बेडचा पॅटर्न तिथं भिंतीला टेकवलेला, पिवळ्या रंगाचा. सर त्याच्यासमोर उकिडवे बसलेले, पँटला वाळू लागलीय ह्याची शुद्ध नाही.

"इकडं ये," त्यांनी मला बोलावलं. "तुझा ठिपका ह्याच्यावर दाखव."

मी टेपनं मोजून दाखवला. सरांनी तिथं पेन्सिलनं टिंब दिलं. मग तिथल्या सुताराकडनं त्याची पट्टी मागितली. लांब पितळी पट्टी, आणि ती शून्यापासून टिंबापर्यंत लावली. "वाच."

मी वाचलं. आकडा वेगळा. माझ्या टेपवर होता त्याच्यापेक्षा कमी.

"ही पट्टी चुकीची आहे सर."

"चुकीची नाही. पॅटर्नवाल्यांची आहे. हिच्यावरचा सेंटीमीटर किंचित मोठा असतो, मुद्दाम. का असेल?"

मी बघत राहिले. सर वाट बघत होते, वर्गात मास्तर बघतात तशी. आणि मग... अरे देवा!

"आक्रसतं," मी म्हटलं.

"काय आक्रसतं?"

"लोखंड. थंड होताना. म्हणून साचा मोठा करतात आणि वस्तू लहान होऊन निघते. सॉफ्टवेअरला आपण साच्याचं माप देतो. माझा आकडा साच्यावरचा होता सर! मी तो थंड बेडवर मोजला!"

"आणि मोजलास कुठून?"

"पार त्या टोकापासून. म्हणजे सगळा फरक ह्या टोकाला साठला."

"पत्ता पूर्ण लिहिलास," सर म्हणाले, "पण गाव दुसरंच धरलंस." आणि हसले. सर हसले हे मी पहिल्यांदा बघितलं. "माझे वडील पॅटर्न बनवायचे. घरात दोन पट्ट्या असायच्या, मी शाळेत चुकून ही नेली होती. भूमितीत शून्य मिळालं."

आम्ही बाहेर आलो. सर थेट काकांपाशी. "चौगुले, अजून एक काप."

"रिवाज एकाच कापाचा हाय, मगदूम."

"तिचा एक झाला. हा माझा."

काकांना कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. रिवाज काय होता? खराब आहे असं जो म्हणेल त्यानं कापायचं. सर म्हणत होते, खराब आहे. त्यांच्याच रिपोर्टातला बेड. त्यांच्याच कोडानं चांगला म्हटलेला.

"मगदूम," काका हळू आवाजात म्हणाले, "भोक निघालं तर खोटं कुणाचं ठरतंय, ध्यानात हाय न्हवं?"

"आहे."

सरांनी टेप घेतला, साधा टेप, पट्टीवर वाचलेला आकडा त्याच्यावर धरला आणि खडूची रेघ मारली. माझ्या कापापासून बोटभर अलीकडं. बोटभर, बघा, हे एवढं. बेड परत चढवला. सरांनी स्वतः खटका ओढला.

ह्या वेळी मी घाबरले. पहिल्या कापाला माझी नोकरी होती, तेव्हा नाही घाबरले. दुसऱ्याला माझं काहीच नव्हतं पणाला, सगळं सरांचं होतं, आणि मी इरफानचा दंड गच्च धरला. तो म्हणाला, "नखं काढ आधी."

करवत निम्म्यावर आली आणि आवाज बदलला. बाहेरच्याला जाणवणार नाही एवढा, पण फाउंड्रीतल्या सगळ्या माना एकदम वळल्या. पात्याला क्षणभर काहीच लागलं नाही, आणि मग परत लोखंड लागलं.

काकांनी पाणी पुसलं. पायाच्या मुळाशी, जाडीच्या बरोबर पोटात, काळं भोक. चिंचोका बसेल एवढं. आतून खडबडीत, कडेला बारीक बारीक काटे.

"आयला," काका म्हणाले. "आणि मी वाळूला शिव्या घालत बसलो!"

सरांनी बोट घातलं त्यात. फिरवून बघितलं. मग काकांच्या हातातला खडू काढून घेतला. काका "ऱ्हाऊ द्या, मगदूम, ऱ्हाऊ द्या" म्हणत होते, पण सरांनी त्या भोकाच्या खाली लिहिलं, 'अजित मगदूम'. नीट, सावकाश, रिपोर्टवर सही करतात तसं.

परतताना गाडीत सर पुढं बसलेले. शिरोली मागं पडली तसं म्हणाले, "मी लिहिलं तेव्हा काम करणारा एकच होता. तो आत जावो, बाहेर येवो, कुणाच्या पायात येत नव्हता. नंतर मी शेजारी माणसं वाढवत गेलो, आणि सवय तीच ठेवली." मग इरफानला म्हणाले, "गाडी बाजूला घे."

इरफाननं हायवेच्या कडेला घेतली. सरांनी फोन काढला. मला वाटलं घरी करतायत.

"हॅलो, मगदूम बोलतोय. हां, नमस्कार. तुमचे मोठे माल परत येतायत का हो मधे मधे? ... हां. तो दोष तुमचा नाही, आमचा आहे. आमचं सॉफ्टवेअर चुकत होतं. ... नाही, नाही, चेष्टा नाही. सगळे परत चालवून देतो, नवीन कोडवर. ... आमच्याकडं केतकी म्हणून आहे, ती बघेल."

ठेवला, दुसरा लावला. तेच. मग तिसरा. एका गिऱ्हाईकानं फार ऐकवलं असावं, सर नुसते "हो, खरं आहे, हो" म्हणत होते. इरफान स्टेअरिंगवर हात ठेवून पुढं बघत बसला, आणि त्या अख्ख्या वेळात त्याला एकसुद्धा विनोद सुचला नाही.

शेवटचा फोन झाल्यावर सर मागं वळले. "तुझं ते इथं-तिथं काढलेलं कोड मला उद्या समजावून सांग. पहिल्या ओळीपासून. मला घाई नाही."

बास, एवढीच गोष्ट. कायम? झाले की! तुम्ही पण ना.

आणि आता तुम्ही आल्यापासून विचारताय ना, दाराला हे लोखंडाचं ताट काय टेकवलंय म्हणून? तोच तो. दोन कापांच्या मधला काप, बोटभर जाडीचा. काकांनी गेटपाशी ठेवलाच नाही, रंगवाल्याकडनं खडूच्या अक्षरांवरनं पांढरा रंग फिरवून घेतला आणि पोचवला ऑफिसात. ही माझी बाजू, वाचा, केतकी नेजदार. भरीव आहे, टकटक करून बघा. नवीन मुलगा कामाला आला की सर त्याला पहिल्याच दिवशी हा उचलायला लावतात, आणि तो मुलगा माझं नाव वाचून माझ्याकडं बघतो, हिनं काय केलं असेल म्हणून. मग सर म्हणतात, "आता उलटा कर."

करा ना. दोन्ही हातांनी, जड आहे. हां, आता घाला बोट.